बसून काम करणारं शरीर

(दृश्य : दुमजली बसची जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन कर्मचारी असत. चालक दिवसभर एका जागी बसलेला. वाहक तिकिटं देत सतत जिना चढणारा-उतरणारा. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, की हृदयविकार चालकांमध्ये जास्त आहे. टपाल खात्यातही तसंच आढळलं. पत्रं वाटत हिंडणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलाशी बसणारे कारकून जास्त धोक्यात होते.

हे संशोधक तिथंच थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापं तपासली. चालकांची कंबर मोठी होती, आणि हा फरक नोकरीच्या सुरुवातीपासूनच दिसत होता. म्हणजे सगळा दोष बैठ्या कामाचा नव्हता. स्वतःच्याच निष्कर्षावर अशी शंका घेणं मला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य : कार्यालय, संगणकासमोरच्या रांगा)

आज तोच प्रश्न कार्यालयात आहे. वर्षातून एकदा तपासणी होते. वजन, नाडी, रक्तदाब. जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळला जातो, गप्पा चालूच असतात. खरं तर आधी पाच मिनिटं शांत बसायला हवं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, आणि तोंड बंद. चहा-कॉफी घेऊन अर्धा तास तरी झालेला असावा.

एवढं पाळूनही काहींचा रक्तदाब दवाखान्यात १२०/८० दिसतो आणि कामाच्या धबडग्यात चढलेला असतो. असा छुपा रक्तदाब घरी मोजून किंवा चोवीस तास लावलेल्या यंत्रानंच सापडतो.

वजनाचं म्हणाल, तर ते जास्त असेल तेव्हा पाच टक्के उतरलं तरी रक्तदाबाला उतार पडू लागतो. आदर्श आकड्याची वाट बघायची गरज नाही.

(दृश्य : प्रश्नावली भरणारे हात)

झोप नीट लागते का? दुखण्यामुळे कामं अडतात का? रोजच्या कामांना पुरेल एवढी ताकद असते का? हे कुठलंच यंत्र सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठीच आहे. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. वार्षिक तपासणीत रक्तदाबाइतकंच स्थान तिला मिळायला हवं. मात्र उत्तरं वरिष्ठांच्या हाती जाता कामा नयेत. तशी भीती असेल, तर खरं कोणी लिहिणार नाही.