लोणी, चीज आणि आंबट घोट

[रोम. विया देला स्क्रोफा या रस्त्यावरची सकाळ. खुर्च्या मांडण्याचे आवाज.]

याच रस्त्यावर १९१४ मध्ये आल्फ्रेदो दि लेलिओ यांनी रेस्टॉरंट उघडलं. त्यांच्या कुटुंबात सांगितली जाणारी हकिकत थोडी आधीची, १९०८ सालची. घरात मुलगा झालेला, बाळंतीण अशक्त, जेवणावरची वासनाच उडालेली. आल्फ्रेदोंनी ताज्या फेटुचिनीत, म्हणजे चपट्या फितींसारख्या पास्त्यात, लोणी आणि पार्मेजानो चीज घातलं, तेही सढळ हातानं, आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. पुढे १९२० मध्ये हॉलिवूडचे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स मधुचंद्राला रोममध्ये आले, आल्फ्रेदोंकडे जेवले, आणि ‘फेटुचिनी आल्फ्रेदो’ हे या पदार्थाचं नाव अमेरिकेत पोचलं.

[वाफाळती फेटुचिनी, चमचा आणि काटा वेगानं फिरताना.]

इथे नीट बघा. यात क्रीम नाही. लोणी, किसलेलं चीज आणि पास्ता उकडलेलं थोडं पाणी, एवढंच. त्या पाण्यात उतरलेला स्टार्च लोण्याला फुटू देत नाही आणि ढवळता ढवळता सॉस मिळून येतो. क्रीमची भर नंतर अमेरिकेत पडली. रोमची कार्बोनाराही बिनक्रीमचीच. अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, ग्वांचाले.

हे आधी सांगितलं, कारण वाइन निवडायची ती सॉसमध्ये काय आहे ते पाहून. पास्त्याचा आकार इथे फारसा महत्त्वाचा नाही.

पास्ता म्हटलं की आपल्यापैकी अनेकांचा हात रेड वाइनकडे जातो. टोमॅटोच्या किंवा मटणाच्या सॉसबरोबर ती शोभतेही. पण लोणी-चीजच्या सॉसवर तुरट, जड रेड घेतली, की टॅनिनचा, म्हणजे तिच्यातल्या तुरट घटकाचा, कोरडेपणा तोंडभर राहतो आणि सॉसची नाजूक चव दबून जाते. इतक्या मेहनतीनं मिळून आलेला सॉस असा वाया जाऊ नये.

स्निग्ध पदार्थ जिभेवर थर धरतो. चार-पाच घासांनंतर चव बोथट व्हायला लागते. आंबट घोट घेतला की लाळ सुटते, तोंड मोकळं होतं, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. वरण-भात-तुपाच्या ताटात लिंबाची फोड का असते, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेच काम वाइनमधलं टार्टरिक आम्ल करतं.

[फ्रास्कातीचे द्राक्षमळे. मागे दूरवर रोम.]

रोमकरांना ही फोड शोधायला लांब जावं लागलं नाही. शहराच्या आग्नेयेला साधारण २० किलोमीटरवर आल्बान टेकड्या आहेत, जुन्या ज्वालामुखीच्या मातीच्या. इथली फ्रास्काती ही व्हाइट वाइन मुख्यतः मालवाझिया द्राक्षांपासून होते, सोबतीला त्रेब्बियानोसारख्या जाती. मालवाझियाचा सुगंध, त्रेब्बियानोचा आंबटपणा. फ्रास्काती सुपेरिओरेला २०११ मध्ये इटलीतला सर्वांत वरचा, डी.ओ.सी.जी. दर्जा मिळाला. पण टेकड्यांवरच्या साध्या फ्रास्केत्तांमध्ये, म्हणजे तिथल्या खानावळींमध्ये, स्थानिक वाइन आजही सुरईतून टेबलावर येते. मला ही जोडी फार प्रिय आहे. डोंगरावरची वाइन आणि पायथ्याच्या शहरातला पास्ता, दोन्ही एकमेकांच्या सवयीचे.

दुसरा एक पंथ आहे, लोण्याला लोणी जोडणाऱ्यांचा. ओकच्या पिंपात मुरलेल्या अनेक शार्डोने वाइनमध्ये जिवाणू बोचऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. त्याच प्रक्रियेत डायअसेटिल तयार होतं आणि त्याला चक्क लोण्याचा वास असतो. पहिले दोन घास सुंदर लागतात. अर्ध्या ताटानंतर मात्र सगळं जड होतं, आणि सुटका करणारं काही टेबलावर उरत नाही. शार्डोनेच हवी असेल, तर फ्रान्सची शाब्ली घ्यावी. द्राक्ष तेच, पण थंड प्रदेशातलं आणि धारदार.

गोर्गोन्झोला या निळ्या बुरशीच्या चीजच्या खारट-उग्र सॉसला किंचित गोडसर व्हाइट. मशरूमच्या सॉसला हवी तर पिनो नुआर, ही हलकी रेड. लोणी-चीजच्या सॉसांमध्ये रेडला मी इथेच काय ती जागा देईन.

[नाशिक. जानेवारीतली पहाट, काढणी सुरू.]

इकडे नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाळा सरताना फळासाठीची गोडीबहार छाटणी, आणि वाइनची द्राक्षं थंडीच्या दिवसांत उतरतात. रात्री गार असल्यानं द्राक्षातलं आम्ल बऱ्यापैकी टिकून राहतं. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तीही शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन व्हाइट द्राक्षांची. आपल्या व्हाइट सॉस पास्त्याला याच दोघी सर्वांत उपयोगी आहेत.

कारण तो पास्ता रोमचा नव्हे. मैदा लोण्यात परतून दूध, वर प्रोसेस्ड चीज, ओरेगॅनो आणि बरेच चिली फ्लेक्स. तिखटावर जास्त अल्कोहोलची वाइन आग वाढवते. इथली शेनिन ब्लां बऱ्याचदा जराशी गोडसर असते, ती तिखट शमवते. पास्त्यात सिमला मिरची, मटार किंवा पालक असेल तर सोव्हिन्यों ब्लां. तिचा हिरवा, पाल्यासारखा वास भाज्यांशी जुळतो.

[बर्फ-पाण्याची बादली.]

आणि गारवा. ८ ते १० अंश पुरेत. त्याहून गार केली तर सुगंध झाकला जातो, कोमट झाली तर आंबटपणाची धार जाते आणि अल्कोहोल तेवढं पुढे येतं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ आणि पाणी एकत्र असलेल्या बादलीत बाटली लवकर गार होते. उन्हाळ्यात पेला एक तृतीयांशच भरा, आणि बाटली बादलीतच राहू द्या.