किती बंदुका होत्या?

१५ मार्च २०१९. शुक्रवार. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात लोक जुम्म्याच्या नमाजासाठी जमले होते. आधी अल नूर मशीद आणि मग लिनवुडचं इस्लामिक केंद्र. दोन्हीकडे गोळ्या झाडणारा माणूस एकच. ५१ जणांचा जीव गेला.

त्याचं नाव आपण घेणार नाही. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनीही ते कधीच तोंडी न आणण्याचं संसदेत सांगितलं होतं. पण त्याच्या बंदुकांबद्दल बोलायलाच हवं. त्या चोरीच्या नव्हत्या. साध्या परवान्यावर, रीतसर विकत घेतलेल्या होत्या.

(दृश्य: टेबलावर ठेवलेलं रिकामं मॅगझिन)

हे मॅगझिन. गोळ्या भरायची पेटी. रायफलला खालून खटकन बसते, खटकन निघते. तेव्हाच्या कायद्याचं सगळं गणित या पेटीवर होतं. सात गोळ्यांची पेटी असलेली अर्धस्वयंचलित रायफल, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशी, साध्या परवान्यावर मिळायची. त्याच रायफलला तीस गोळ्यांची पेटी लावली, की ती लष्करी धाटणीची ठरायची आणि तिला वेगळी, कडक परवानगी लागायची. पण ती मोठी पेटी विकत घ्यायला परवाना लागतच नव्हता! दुकानातून निघालेली कायदेशीर बंदूक घरी जाऊन बेकायदा करायला काही क्षण पुरायचे.

ही कडक परवानगीसुद्धा एका हत्याकांडानंतरच आली होती. १९९०मध्ये अरामोआना या छोट्या गावात एका बंदूकधाऱ्याने १३ जणांना मारलं. १९९२मध्ये कायदा बदलला. १९९७मध्ये एका निवृत्त न्यायाधीशांच्या अहवालाने प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवा, असं सुचवलं. ते राहूनच गेलं.

२०१९मध्ये मात्र सरकार थांबलं नाही. हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदीची घोषणा झाली. १० एप्रिलला विधेयक मंजूर झालं, बाजूने ११९ मतं, विरोधात एक. ते मत खासदार डेव्हिड सीमोर यांचं. त्यांचा आक्षेप घाईला होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. लोकांना मत मांडायला जेमतेम काही दिवस मिळाले. तरीही मला ती घाई पटते. आधीची सवड कशी वाया गेली, ते आत्ताच पाहिलं.

सरसकट सगळ्या बंदुका गेल्या नाहीत. सशांवर चालवायची पॉइंट टू-टूची छोटी रायफल राहिली, पाच काडतुसांपर्यंतची शॉटगनही राहिली.

(दृश्य: ॲडिंग्टनच्या घोडदौडीच्या मैदानावरची रांग)

१३ जुलै. क्राइस्टचर्चमध्येच बंदी आलेल्या बंदुका परत घ्यायला सुरुवात झाली. टेबलापलीकडे पोलीस बसलेले. बंदूक तपासायची, क्रमांक टिपायचा, अवस्था ठरवायची. नव्यासारखी असेल तर ठरवून दिलेल्या मूळ किमतीच्या ९५ टक्के, अगदी खराब असेल तर २५ टक्के. पैसे बँकेत जमा. मग यंत्राचा दाब नळीवर येतो, नळी वाकते, आणि ती बंदूक पुन्हा कोणाच्या कामाची राहत नाही. पहिल्या दिवशी १६९ जण आले, २२४ बंदुका आल्या. या रांगेतल्या माणसांनी कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. आपल्या हौशीची, कधी कामाची वस्तू त्यांनी स्वतः आणून दिली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

२० डिसेंबरपर्यंत सुमारे ५६ हजार बंदुका जमा झाल्या. खर्च दहा कोटी न्यूझीलंड डॉलरच्या घरात गेला.

आणि राहिल्या किती? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. १९८३च्या कायद्यानंतर न्यूझीलंडमध्ये सर्वसाधारण रायफल-शॉटगनची नोंद होत नव्हती, नोंद व्हायची ती माणसाची. माणूस भरवशाचा आहे ना, मग बंदुका कितीही असोत, असा तो विचार. पण माणूस तरी नीट तपासला होता का? हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०२०मध्ये सांगितलं, नाही. परवाना देताना ज्यांना हल्लेखोराबद्दल विचारलं, त्यांतला एक प्रामुख्याने ऑनलाइन खेळांतून ओळख झालेला मित्र होता.

बंदुकांची नोंदवही अखेर २४ जून २०२३ला उघडली. परवानाधारकांना पाच वर्षांची मुदत आहे.

(दृश्य: रायफलीवर कोरलेला क्रमांक, जवळून)

कपाटातली रायफल उजेडात धरायची, हा बारीक क्रमांक वाचायचा आणि कळवायचा. एकेक करत मोजणी सुरू आहे.