एका रिंगचं मैदान

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं खेळ शिकवले. संध्याकाळी ऊन जरा उतरलं की मी फक्कीचं डबडं घेऊन मैदानावर जायची. बास्केटबॉलच्या रिंगच्या बरोबर खाली जमिनीत एक खिळा, खिळ्याला सुतळी आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात. सुतळी ताणून धरायची आणि वाकून वाकून, मूठमूठ फक्की सोडत अर्धगोल काढत जायचं. त्या रेघेबाहेरून मारलेल्या बास्केटला एक गुण जास्त. पूर्वी ती सुतळी सव्वासहा मीटरची होती. २०१० मध्ये नियम बदलला आणि मी तिला अर्धा मीटर जोड दिली, पावणेसात केली. ती गाठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण दरवेळी रेघ ओढताना ती बोटाला लागायची.

अर्धगोल एकच काढावा लागे, कारण रिंगच एक होती. पलीकडचा खांब गंजून पडला, तिथे सायकलींची शेड झाली आणि दुसरा खांब काही आला नाही. अर्ज केले, खेटे घातले. मुली विचारायच्या, "बाई, दुसरी रिंग कधी?" त्यांना काय सांगावं, कळायचं नाही. मग आम्ही तिघी विरुद्ध तिघी खेळायचो. बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या, हरणारा संघ बाहेर, पुढचा आत. माझ्या लेखी ती तडजोड होती.

त्याच अर्ध्या मैदानावरच्या, तिघांविरुद्ध तिघांच्या बास्केटबॉलचा, म्हणजे ३x३ चा, आज देशादेशांचा विश्वचषक भरतो. २०१२ साली अथेन्सला तो पहिल्यांदा झाला. पुरुषांत सर्बिया जिंकली, महिलांत अमेरिका. टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. मैदान पंधरा मीटर रुंद, अकरा मीटर लांब. खेळणारे तीन, बदली एक. सामना दहा मिनिटांचा, पण त्याआधी कुणी २१ गुण केले की तिथेच संपला.

हा पाच-पाच जणांच्या मोठ्या बास्केटबॉलचा धाकटा भाऊ आहे असं पुष्कळ जण समजतात. मला ते मुळीच पटत नाही. इथली धावपळच वेगळी. बास्केट झाली की शिट्टी नाही, थांबणं नाही. ज्यांच्यावर बास्केट झाली त्यांनी जाळीखालून चेंडू उचलायचा आणि अर्धगोलाबाहेर न्यायचा. तिथून ते हल्ला करणार, तुम्ही अडवणार. एका श्वासात भूमिका उलटी. शॉट मारायला फक्त बारा सेकंद, मोठ्या खेळात चोवीस असतात. चेंडूसुद्धा खास: आकार महिलांच्या चेंडूचा, वजन पुरुषांच्या चेंडूचं, आणि दोघांना तोच.

गुणांचं गणित तर नीट ऐकण्यासारखं आहे. मोठ्या खेळात आतली बास्केट दोनाची, लांबची तिनाची, म्हणजे दीडपट. इथे आतली एक, बाहेरची दोन. सरळ दुप्पट! लांबून नेम धरणाऱ्या बुटक्या मुलीची किंमत किती वाढली बघा. माझ्याकडे अशा मुली होत्या. आई विड्या वळणारी, वडील पॉवरलूमवर, उंची जेमतेम पाच फूट. मोठ्या संघाच्या निवडीत त्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. पण अर्धगोलाबाहेरून त्यांचा हात सुटला की चेंडू जाळीला लागल्याचा आवाज तेवढा यायचा.

आणखी एक नियम मला फार आवडतो. सामना चालू असताना प्रशिक्षकाला बाकावर बसता येत नाही, बाहेरून ओरडून सांगताही येत नाही. मुलींनी आपलं आपण ठरवायचं. आमच्या मैदानावर त्या ओरडायच्या ते ऐकायला हवं होतं तुम्ही. एक म्हणणार "इकडे, इकडे", दुसरी तेलुगूत "इटु, इटु", तिसरी कानडीत "इल्ली". आणि पास बरोबर त्या हातात जायचा. सोलापूरच्या पोरींना ते वेगळं शिकवावं लागलं नाही.

२०२५ च्या जूनमध्ये हा विश्वचषक मंगोलियात, उलानबातरला झाला. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी घरी आल्या होत्या. एक आता नर्स आहे, दुसरीचं शिवणकामाचं दुकान. तिघींनी मिळून मोबाईलवर सामने पाहिले. शहरातल्या मोठ्या चौकात मैदान मांडलेलं, गर्दी अगदी रेघेपर्यंत. यजमान मंगोलियाच्या मुली थेट अंतिम सामन्यात पोचल्या. तिथे नेदरलँड्सने त्यांना हरवलं, पण रौप्यपदक घरातच राहिलं. पुरुषांत स्पेन जिंकला. नर्स झालेली मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "बाई, ह्यांचं मैदान आपल्याएवढंच आहे की."

अख्ख्या मंगोलियाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्याची, २०११ च्या जनगणनेत, ४३ लाख. टोकियोत पुरुषांचं सुवर्ण जिंकणारा लॅटव्हिया तर वीस लाखांच्याही आतला. पाचच्या खेळात अमेरिकेसमोर उभं राहायला असे देश कुठून बारा तयार खेळाडू आणणार? इथे चार पुरतात. पॅरिस ऑलिंपिकला पुरुषांचा अंतिम सामना ठरल्या वेळेत बरोबरीत राहिला. जादा वेळेत जो आधी दोन गुण करील तो जिंकतो. फ्रान्सने एक केला आणि नेदरलँड्सच्या वर्दी द याँगने अर्धगोलाबाहेरून चेंडू सोडला. १८-१७. सगळं फ्रेंच प्रेक्षागृह गप्प झालं असेल, असं मला सारखं वाटतं. महिलांत जर्मनीनेही स्पेनला एकाच गुणाने हरवलं.

आपल्याकडे बंगळुरूला मार्च २०२० मध्ये या खेळाची ऑलिंपिक पात्रता फेरी व्हायची होती. कोरोना आला आणि ती पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात, ग्राझला गेली. ती हळहळ मला आजही आहे. पण आपल्या हातातली एक गोष्ट आहे, ती शाळांच्या मुख्याध्यापकांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी कृपया ऐकावी. आंतरराष्ट्रीय संघटनेकडे रीतसर नोंदवलेल्या स्पर्धेत खेळाडूला स्वतःचे गुण मिळतात, मग ती स्पर्धा गल्लीतली का असेना. आघाडीच्या खेळाडूंच्या गुणांवरून देशाचं मानांकन ठरतं. म्हणजे गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर, उन्हाळा तापायच्या आत, आपण दोन दिवसांची स्पर्धा भरवली आणि तिची नोंद केली, तर इथल्या मुलींचं नाव त्या यादीत येतं.

त्याला एक रिंग लागते. ती तुमच्या मैदानावर असेल. अर्धगोल कसा काढायचा ते मी सांगितलंच, फक्त कडेच्या रेघांपाशी तो सरळ होतो, तेवढं लक्षात ठेवा. कुणाला जमलं नाही तर आकाशवाणीच्या पत्त्यावर मला कळवा. खिळा आणि सुतळी घेऊन मी येईन.