घसा बसलेला परग्रहवासी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'आश्रय मागायला आलेले परग्रहवासी आणि श्रुतिका'. मघाशी चहा घेताना एक काका म्हणाले, "यातलं 'श्रुतिका' तेवढं कळलं." म्हटलं, मग निम्मं काम झालं. (हशा) आपण सगळे आकाशवाणीचं सांगली केंद्र ऐकत मोठे झालो. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा आणि पत्रा हलवला की वीज, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तर मी एक श्रुतिका लिहिलीय. बारा भागांची. परग्रहावरची अकरा माणसं (मी त्यांना माणसंच म्हणतो) पृथ्वीवर येतात. त्यांचा ग्रह राहण्याजोगा उरलेला नाही. यान मिरजेला बिघडतं. मिरजच का? तर मिरजेला सगळंच अडकतं. (मोठा हशा) तिथून ती पहाटेच्या पॅसेंजरनं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला उतरतात. वळिवडंच का, ते शेवटी सांगतो, वेळ उरला तर.

हे घेऊन मी ऑनलाइन श्रुतिका काढणाऱ्या एका कंपनीत गेलो. नाव सांगत नाही, काचेचं ऑफिस होतं एवढंच सांगतो. समोर एक हुशार मुलगी. तिनं पहिले दोन भाग वाचले आणि विचारलं, "सर, हे हल्ला कधी करतात?"

म्हटलं, "करत नाहीत."

"मग तिसऱ्या भागात काय होतं?"

"तिसऱ्या भागात ते रेशनकार्ड मागतात."

(बराच वेळ हशा)

तुम्ही हसताय, ती हसली नाही. निदान एक तरी लेझर बंदूक घाला म्हणाली. मी म्हटलं, अगं, ज्याचं घर गेलंय तो बंदूक कशाला आणेल, तो भांडी आणेल! पुढच्या आठवड्यात ईमेल आली, 'सध्या आमच्या नियोजनात बसत नाही.' मी अजून रागावलेलोच आहे. तुम्हाला दिसतंयच.

मग ठरवलं, घरीच करायचं. अडचण एकच, आवाज. परग्रहवासी बोलतो कसा? बँकेतून निवृत्त झालेला माझा एक मित्र पूर्वी राज्य नाट्य स्पर्धेत काम करायचा, त्याला बोलावलं. आधी रिकाम्या माठात तोंड घालून बोलायला लावलं. घुमला छान, पण भूत वाटायला लागलं, आणि भुताला कोण आसरा देतो? मग टेबलफॅन. लहानपणी फॅनसमोर 'आऽऽ' केलं नाही असा इथं एकही नसेल. आवाजाचे कसे तुकडे पडतात! दुपारभर हा फॅनसमोर बसून एकच वाक्य म्हणतोय, "आम्हाला थोडी जागा मिळेल का?" मे महिना. दारं-खिडक्या बंद, कारण खाली भंगारवाला ओरडतोय. कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. पाचपर्यंत याचा घसा खरोखरच बसला.

आई आतल्या खोलीत पडली होती. वय चौऱ्याऐंशी, दिसतं कमी, कान मात्र तिखट. संध्याकाळी रेकॉर्डिंग वाजवून बघत होतो, तर तिनं आतून विचारलं, "कोण आलंय रे? घसा बसलाय बिचाऱ्याचा. गरम पाणी दे त्याला, आणि जागा मागतोय तर हो-नाही काहीतरी सांग की. किती वेळ उभा ठेवलायस?"

फॅन काढून टाकला. माठ पुन्हा तिवईवर गेला. बसलेला घसा तेवढा ठेवला.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. (हशा) मूळ मुद्दा राहिलाच की. बरं, पळत सांगतो.

साल १९३८. जूनच्या अंकाची तारीख घेऊन अमेरिकेत एक कॉमिक निघालं, त्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला. मरणाऱ्या ग्रहावरून आईबापांनी पाठवून दिलेलं पोर, म्हणजे चक्क निर्वासित. लिहिणारा जेरी सीगल आणि चित्रं काढणारा जो शुस्टर, दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. जुलैत फ्रान्समध्ये एव्हियाँला ३२ देशांची परिषद बसली. हिटलरच्या तावडीतून निघू पाहणाऱ्या ज्यूंना कोण घेणार? सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दार जवळपास कुणीच उघडलं नाही. आणि ३० ऑक्टोबरला अमेरिकेच्या रेडिओवर ऑर्सन वेल्सनं मंगळवासीयांच्या हल्ल्याची ती प्रसिद्ध श्रुतिका केली, बातम्यांच्या थाटात. अख्खी अमेरिका रस्त्यावर पळत सुटली म्हणतात, त्यात वर्तमानपत्रांनी पुष्कळ फोडणी घातलीय, रेडिओ त्यांच्या जाहिराती खात होता ना! तर एकाच वर्षात आसरा मागणारा परका आला आणि हल्ला करणाराही. त्या मुलीसारखंच जगानं दुसरा उचलला.

पण पहिलाही रेडिओवर आला, फेब्रुवारी १९४० मध्ये. बड कॉलियर हा नट क्लार्क केंटचा, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातल्या सुपरमॅनचा, आवाज वरच्या पट्टीत काढायचा आणि सुपरमॅन होताना एका वाक्यातच खाली उतरायचा. कपडे बदललेले दिसत नाहीत, पट्टी बदललेली ऐकू येते. सुपरमॅनला निकामी करणारा क्रिप्टोनाइट हा खडासुद्धा आधी रेडिओवर आला, १९४३ साली. म्हणजे जो खडा त्याला लोळवतो तो त्याच्याच गावचा. गाव सोडलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच की ही गोष्ट पडद्यावर फसते. तिथं परग्रहवाशाला रबरी चेहरा द्यावा लागतो. एकदा चेहरा दिसला की प्रेक्षकाचा निकाल लागतो, एकतर गोंडस नाहीतर किळसवाणा. श्रुतिकेत तो दाराबाहेर, अंधारात. आपल्याजवळ फक्त त्याचा आवाज, आणि कडी आपल्या हातात.

आता वळिवडे. त्याच १९४३ मध्ये तिथं पोलिश निर्वासितांची छावणी पडली. सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली, इराणमार्गे आलेली पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत होती. ती गेली आणि त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी राहिले. त्याचं गांधीनगर झालं, तुमच्यातले निम्मे तिथं लग्नाचा बस्ता बांधायला जाऊन आलेत. माझी आजी कॅम्पात भाजी विकायची. मरेपर्यंत तिला पोलिश आकडे यायचे. वांगी मोजताना म्हणायची, "येदेन, द्वा, त्शी." पुढचं विसरली होती, चारपासून मराठी.

दुसरी चिठ्ठी आली. (हशा) मग पहिल्या भागाची सुरुवात ऐकवतो आणि थांबतो, दोन मिनिटांची आहे. स्टेशनवर एक म्हातारी वांगी मोजतेय आणि अंधारातून कुणीतरी तिच्या मागून आकडे म्हणतंय. दिवे घालवा. आणि कुणीतरी तो पंखाही बंद करा, नाहीतर त्याच्या आवाजाचे परत तुकडे पडतील.