काउंटीची नजर: शेतीचे शिक्षण, मुलांची मंडळे आणि स्थानिक देखरेख

श्रोतेहो, नमस्कार.

शेतकऱ्यापर्यंत नवे ज्ञान पोहोचवणाऱ्या सार्वजनिक यंत्रणेवर देखरेख कोणी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ज्ञान तयार होते विद्यापीठात, पैशाचा काही भाग येतो राजधानीतून, आणि प्रत्यक्ष काम चालते शेतात, गोठ्यात आणि मुलांच्या मंडळांत. ही ठिकाणे एकमेकांपासून दूर आहेत. काम झाले की नाही, झाले तर कोणासाठी झाले, हे राजधानीला नीट दिसत नाही आणि विद्यापीठाला अर्धेच दिसते. अमेरिकेने या अडचणीवर एक शतकाहून अधिक काळापूर्वी एक तोडगा काढला. तो तोडगा दोनदा मोठ्या प्रमाणावर फसला, आणि त्या फसण्यातूनच देखरेखीविषयी सर्वांत जास्त शिकायला मिळते, असे माझे मत आहे.

अमेरिकेत राज्याच्या खालच्या पातळीला काउंटी म्हणतात. काउंटीचे निवडून आलेले मंडळ रस्ते, तुरुंग, मालमत्तेच्या नोंदी आणि स्थानिक कर अशी कामे पाहते. 8 मे 1914 रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली आणि कृषी विद्यापीठांमार्फत चालणाऱ्या विस्तारसेवेला, म्हणजे विद्यापीठातील ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या सेवेला, केंद्र सरकारचा कायमचा निधी मिळू लागला. प्रत्येक राज्याला वर्षाला 10,000 डॉलर थेट मिळत. त्यापुढची रक्कम ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात ठरे, आणि ती हवी असेल तर तेवढीच रक्कम राज्याने, विद्यापीठाने किंवा स्थानिक संस्थांनी घालावी लागे. या सेवेला सहकारी विस्तारसेवा म्हणतात, ते केंद्र, राज्य आणि काउंटी या तिघांनी मिळून ती चालवायची असते म्हणून. काउंटीत राहून काम करणारा विस्तार अधिकारी, ज्याला तिथे काउंटी एजंट म्हणत, तो विद्यापीठाचा माणूस. पण त्याचे कार्यालय, प्रवासखर्च, कारकून आणि अनेक ठिकाणी पगाराचाही काही भाग काउंटीच्या तिजोरीतून येतो. पैसा देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो, आणि काउंटीचा अधिकार तिथून सुरू होतो.

कायदा येण्याआधीही हे काम गावपातळीवर उभे राहिलेले होते. टेक्सासमध्ये कापसाची बोंडे पोखरणाऱ्या किडीने शेतकरी हवालदिल झाले असताना सीमन नॅप यांनी 1903 मध्ये टेरेल या गावाजवळ वॉल्टर पोर्टर यांच्या शेतावर प्रात्यक्षिक घेतले. नव्या पद्धतीने नुकसान झाले तर ते भरून देण्याची हमी गावातील व्यापाऱ्यांनी घेतली होती. शेत शेतकऱ्याचेच, राबणाराही तोच, आणि शेजारी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जाणार, अशी ती रचना होती. मुलांच्या कामाची सुरुवातही अशीच आहे. ओहायोतील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकांनी जानेवारी 1902 मध्ये मुलामुलींची एक सभा बोलावली, ती भरली काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीतील तळघरात. मका, बियाणे आणि माती यांविषयी मुलांनी स्वतः करून शिकावे, एवढाच हेतू होता. त्या आणि तशा अनेक मंडळांतून पुढे फोर-एच ही चळवळ वाढली. चार पानांचे क्लोव्हर हे तिचे चिन्ह आहे, आणि त्या चार पानांवरची चार ‘एच’ अक्षरे डोके, हृदय, हात आणि आरोग्य यांच्या इंग्रजी शब्दांसाठी आहेत.

मुलांचे काम हे शेतीशिक्षणाला लावलेले शेपूट नव्हते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. वडीलधारे नवी पद्धत मानायला तयार नसत, तेव्हा एजंट मुलासाठी एक एकर मागत. साउथ कॅरोलिनातील जेरी मूर या मुलाने 1910 मध्ये एका एकरात 228 बुशेलांहून अधिक मका काढून दाखवला (बुशेल हे तिकडचे धान्याचे माप). त्या भागातील सर्वसाधारण पीक याच्या जवळपासही नव्हते. त्याच वर्षी त्याच राज्यातील एकेन काउंटीत मरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींची टोमॅटो मंडळे सुरू केली. मुलींनी टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे, विकायचे आणि आलेला पैसा स्वतःच्या नावावर ठेवायचा. त्या काळी ग्रामीण मुलीच्या हाती स्वतः कमावलेली रक्कम येणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता पहिल्या चुकीकडे येतो. काउंटीत एजंट ठेवायचा तर त्याला आधार देणारी स्थानिक संघटना हवी होती, आणि अनेक राज्यांत ही जागा फार्म ब्युरोने घेतली. न्यूयॉर्क राज्यातील ब्रूम काउंटीत 1911 मध्ये बिंगहॅम्टन येथील व्यापारी मंडळ, एक रेल्वे कंपनी आणि केंद्रीय कृषी खाते यांच्या मदतीने एजंट नेमला गेला, तेव्हा फार्म ब्युरो हे त्या व्यापारी मंडळाच्या एका विभागाचे नाव होते. पुढे काउंटीकाउंटीत याच नावाच्या शेतकरी संघटना निघाल्या आणि 1919 मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. हा महासंघ कायदेमंडळात शेतकऱ्यांच्या वतीने दबाव आणत असे, आणि त्याच्याच काउंटी शाखा सरकारी पैशावर चालणाऱ्या एजंटच्या कामाला स्थानिक आधार देत होत्या. मग एजंट कोणाचा? ज्या शेतकऱ्याने वर्गणी भरलेली नाही, त्याच्या शेतात तो तितक्याच तत्परतेने जाईल का? 1921 मध्ये एक करार झाला, आणि एजंटाने संघटनेचे सभासद जमवू नयेत, वर्गणी गोळा करू नये, असे त्यात ठरले. तरीही गुंता सुटला नाही, कारण संघटना आणि कार्यालय अनेक ठिकाणी एकाच छताखाली होते. शेवटी 1954 मध्ये कृषिमंत्री एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी आदेश काढून दोघांना वेगळे करायला लावले.

यानंतर आयोवा राज्याने जे केले, ते मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक उचललेले पाऊल वाटते. 1955 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीत विस्तार परिषद निर्माण झाली. आज तिच्यात नऊ सदस्य असतात आणि त्यांना सार्वत्रिक निवडणुकीत सर्व मतदार निवडतात. मतदार शेतकरी असो वा नसो, कोणत्याही संघटनेचा सभासद असो वा नसो. कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत मालमत्ता कराचा काही भाग विस्तारसेवेसाठी आकारण्याचा अधिकार या परिषदेला आहे. तिचे अंदाजपत्रक उघड सुनावणीत मांडावे लागते, आणि कोणा एका व्यक्तीला किंवा संघटनेला झुकते माप देण्यास तिला मनाई आहे. आयोवात काउंट्या 99 आहेत, पण विस्तार जिल्हे 100 आहेत, कारण पॉटवॉटामी काउंटीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केलेले आहेत. इतर राज्यांनी वेगळे मार्ग घेतले. विस्कॉन्सिनमध्ये काउंटी मंडळाची समिती हे काम पाहते, तर कॅन्ससमध्ये काउंट्यांना एकत्र येऊन संयुक्त विस्तार जिल्हा करता येतो. तपशील काहीही असो, देखरेख करणारी संस्था आणि लाभ घेणारा गट एकच असता कामा नये, हा धडा सगळीकडे लागू पडतो.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि तिची किंमत माणसांनी मोजली. गावाजवळची सत्ता म्हणजे न्याय्य सत्ता, असे आपण सहज गृहीत धरतो. अमेरिकेच्या दक्षिणेत गावाजवळची सत्ता गोऱ्यांच्या हातात होती. अलाबामातील टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या आधाराने टॉमस मनरो कॅम्पबेल हे 1906 मध्येच कृष्णवर्णीय शेतकऱ्यांमध्ये एजंट म्हणून काम करू लागले होते आणि चाकांवरची शाळा घेऊन वाडीवस्तीवर फिरत होते. तरीही स्मिथ-लीव्हर कायदा करताना निधी कोणत्या विद्यापीठाला द्यायचा हा निर्णय राज्याच्या विधिमंडळावर सोपवला गेला, आणि दक्षिणेतील विधिमंडळांनी त्याचा ताबा गोऱ्यांच्या विद्यापीठांकडे दिला. कृष्णवर्णीय एजंटांची कार्यालये वेगळी, साधने तुटपुंजी, आणि मुलांची फोर-एच मंडळेही वेगळी. 1964 चा नागरी हक्क कायदा आल्यावर आणि 1965 मध्ये नागरी हक्क आयोगाने कृषी योजनांतील भेदभावावर अहवाल दिल्यावर एकत्रीकरण सुरू झाले. पण त्यातही अनुभवी कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली बसवले गेले. अलाबामात हे प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेले, आणि 1971 मध्ये न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी विस्तारसेवेतील भेदभाव बंद करण्याचा आदेश दिला. तिथल्या स्थानिक मंडळांनी हे स्वतःहून बदलले नसते. म्हणून मी स्थानिक देखरेखीचा पुरस्कार करतो तेव्हा तिच्यावर कायद्याचे वरून नियंत्रण हवे, हेही त्याच दमात सांगतो. कोणाला वगळायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही गावाला नसावा.

आणखी एक अधिकार गावाला नसावा, तो म्हणजे खरे काय हे ठरवण्याचा. 1943 साली, युद्धकाळात, आयोवा स्टेट कॉलेजमधील अर्थशास्त्राच्या विभागातून एक पुस्तिका निघाली. वनस्पती तेलाचे मार्गारीन पोषणाच्या दृष्टीने लोण्याच्या बरोबरीने उभे राहू शकते, असे तिच्यात म्हटले होते. आयोवा हे दुधदुभत्याचे राज्य. दूध उत्पादक आणि शेतकरी संघटना खवळल्या, आणि कॉलेजने दबावाखाली ती पुस्तिका मागे घेतली. विभागप्रमुख थिओडोर शुल्ट्झ राजीनामा देऊन शिकागोला गेले. 1979 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तिकेची सुधारित आवृत्ती 1944 मध्ये आली आणि मूळ निष्कर्ष बहुतांशी तसाच राहिला. पाण्याची टंचाई आधी शिकवायची की गुरांचे रोग, मुलांसाठी पशुपालनाचे मंडळ काढायचे की यंत्रदुरुस्तीचे, एजंटाने पूर्वेकडच्या वस्त्यांत किती वेळा जायचे, हे काउंटीने जरूर ठरवावे. तिथे तिच्याइतकी माहिती कोणालाच नाही. पण एखाद्या खताने उत्पन्न वाढते की नाही, एखाद्या औषधाने विहिरीचे पाणी दूषित होते की नाही, याचे उत्तर बहुमताने ठरत नाही. एजंट विद्यापीठाच्या नोकरीत असण्याचे खरे कारण हेच आहे, आणि ज्या काउंटीला हे खुपते, तिने आपल्या शेतकऱ्यांना खरे ऐकायचे आहे की गोड, हे आधी ठरवावे.

मुलांच्या कार्यक्रमावर देखरेख करणे शेतीच्या कार्यक्रमापेक्षा नाजूक असते, कारण इथे बहुतेक काम स्वयंसेवक करतात. फोर-एच मंडळ चालवणारे शेजारी, शिक्षक, पालक हेच असतात, आणि गावात त्यांना सगळे ओळखतात. ओळखीमुळे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पूर्वचौकशी व्हावी, मंडळाचा पैसा कोणाच्या घरगुती खात्यात न राहता मंडळाच्या नावे राहावा आणि त्याचा वार्षिक हिशेब विस्तार कार्यालयाकडे यावा, हे नियम परक्यांपेक्षा ओळखीच्या माणसांसाठी जास्त गरजेचे आहेत. फोर-एचचे नाव आणि चिन्ह केंद्रीय कायद्याने संरक्षित असल्याने ते वापरणाऱ्या मंडळाला हे नियम टाळता येत नाहीत, ही चांगली सोय आहे. यात एक गोष्ट मला फार आवडते. या मंडळातील मूल गोऱ्हा किंवा डुक्कर पाळते, तेव्हा त्याला नोंदवही ठेवावी लागते: जनावर कितीला घेतले, रोज किती खाद्य घातले, वजन कसे वाढले, काउंटीच्या जत्रेत कितीला विकले आणि शेवटी फायदा झाला की तोटा. तोटा झाला तर तोही लिहायचा. दहा वर्षांच्या मुलाकडून जी शिस्त आपण मागतो, तीच त्या कार्यक्रमावर खर्च करणाऱ्या परिषदेकडून मागायला हरकत नसावी.

कारण देखरेखीचा सर्वांत सामान्य दोष लबाडी हा नसून मोजणीचा सोपेपणा हा आहे. किती सभा झाल्या, किती लोक आले, किती पत्रके वाटली, किती मुलांची नावे पटावर आहेत, एवढे आकडे अहवालात आले की परिषद समाधानी होते. हे आकडे खोटे नसतात, पण ते फारसे काही सांगतही नाहीत. कोण आले नाही, हा प्रश्न विचारणारा सदस्य परिषदेला दहा अहवालांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. दुसऱ्याची शेती खंडाने करणारे आले का? शेतमजुरांची मुले मंडळात आहेत का, की जनावर विकत घेण्याची ऐपत असलेल्या घरांचीच मुले आहेत? गेल्या वर्षी शिकवलेली पद्धत या वर्षी कोणाच्या शेतात दिसते? या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून मिळत नाहीत, आणि परिषदेच्या सदस्याने वर्षातून काही दिवस तरी एजंटबरोबर फिरावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

काउंटीच्या अंदाजपत्रकात तुरुंग आणि न्यायालय यांचा खर्च टाळता येत नाही; विस्तारसेवेचा बहुतेक राज्यांत टाळता येतो. म्हणून तंगीच्या वर्षी कात्री आधी इथे लागते. एजंटची जागा रिकामी राहते, मुलांची मंडळे स्वयंसेवकांच्या बळावर काही काळ तग धरतात, आणि पद रद्द झाल्याचा परिणाम दोन-तीन हंगामांनंतर जाणवतो, तेव्हा त्याचा संबंध त्या अंदाजपत्रकाशी कोणी जोडत नाही. आयोवासारख्या राज्यात विस्तारासाठी वेगळा कर आहे आणि तो आकारणारी परिषद लोकांनी निवडलेली आहे, त्यामुळे ही कात्री तिथे निदान उघड्यावर चालवावी लागते. मतपत्रिकेवर मात्र या परिषदेच्या जागा अगदी खालच्या बाजूला असतात, आणि काही वेळा जागा जितक्या, उमेदवारही तितकेच असतात. परिषदेच्या बैठका शेतकरी आणि नोकरदार येऊ शकतील अशा वेळी, संध्याकाळी घ्याव्यात; अंदाजपत्रकाच्या सुनावणीची सूचना कायद्यापुरती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात न छापता प्रत्येक मंडळात वाचून दाखवावी; आणि सुनावणीत मोठ्या मुलांना त्यांच्या कार्यक्रमाबद्दल स्वतः बोलू द्यावे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, आणि पुढच्या बैठकीची वेळ ठरवताना हे सुरू करता येते.