मिशा पाहा, मग कान द्या

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटपाशी हिरवागार नाकतोड्यासारखा किडा येऊन बसला, की आधी मिशा पाहा. आखूड असतील तर नाकतोडा. अंगापेक्षा लांब आणि बारीक असतील तर कॅटिडिड. पुन्हा सांगतो, आखूड मिशा नाकतोड्याच्या, लांब मिशा कॅटिडिडच्या. मिशा लांब तर रातकिड्याच्याही असतात, पण त्याचा उजवा पंख वर, कॅटिडिडचा डावा. पंखावर पंख घासून नर गातो. ऐकायचे कान मात्र पुढच्या पायांत, गुडघ्याच्या खाली!

जगात कॅटिडिडच्या 8000 हून जास्त जाती, पण आपल्याकडे अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

नागपुरात सेमिनरी हिल्सजवळच्या एका नर्सरीत संशोधन करणारी एक मुलगी रात्री यायची. मीही बॅटरी धरायला जात असे. एकदा तिने कॅटिडिडचे दोन नर जाळीच्या दोन डब्यांत ठेवले. रंग एक, माप एक. मी म्हणालो, एकच जात. चौकीदारकाका खाटेवर पडल्या पडल्याच म्हणाले, "नाही जी. एक मधात दम घेते, दुसरा घेतच नाही." त्यांनी तर डबेही पाहिले नव्हते! मुलगी उठून त्यांच्या खाटेशी जाऊन बसली. "काकाजी, डोळे मिटा, आता कोणता?" डब्यांच्या जागा बदलल्या, तरी काका चुकले नाहीत. मग तिने रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावलं. एका आवाजाच्या रेघांत ठरावीक अंतरावर मोकळी जागा, दुसऱ्याची रेघ सलग. काका पडद्याकडे बघून म्हणाले, "हे काय नवीन सांगून राहिली तू?"

(असे कान आता दुर्मीळ. मंगल कार्यालयांतल्या डीजेंनी अर्ध्या नागपूरला बहिरं केलं आहे, आणि हे मी वधूपित्यांच्या तोंडावर सांगतो.)

तेवढ्यावरून जाती दोन ठरल्या असं नाही हो. पण दक्षिण भारतात मेकोपोडा नावाच्या, दिसायला सारख्याच कॅटिडिडांत पाच तऱ्हांची गाणी सापडली आहेत. एकीचं नावच हेलिकॉप्टर! म्हणून पेटीतला वाळलेला किडा पुरत नाही. नराच्या शेपटाकडचे आकडे पाहायचे, पंखावरच्या घासणीचे दाते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे आणि गाणंही जोडायचं. काहींचं गाणं इतकं उंच, की माणसाला ऐकूच येत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं.

घरी मोबाइलवर रेकॉर्ड कराल तर जागा, तारीख आणि तापमान लिहा. तापमान विसरू नका. उकाड्यात तोच किडा जलद गातो, थंडीत हळू. आणि मग एकाच किड्याच्या दोन जाती करून बसाल.