मारुती, माती आणि मुली

[दृश्य : पहाट. जुन्या तालमीचं दार.]

कोल्हापूरच्या पेठेत अजून दुकानं उघडायची आहेत. तालमीत मात्र दिवा लागलाय. पोरं चपला बाहेर काढतात, कोनाड्यातल्या मारुतीला हात जोडतात, हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावतात. मगच आत उतरतात.

ही माती जवळून बघा. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेला असतो. अंग खरचटलं तरी जखम चिघळू नये म्हणून. पण कुठल्याही पोराला विचारा, तो औषधाचं नाव काढणार नाही. तो म्हणेल, माती म्हणजे आई.

खेड्यापाड्यांतून आलेली कितीतरी पोरं तालमीतच राहतात. सकाळी जोर-बैठका, लढत, मग दूध-बदामाचा खुराक. व्यसन नाही, जागरण नाही. मारुती ब्रह्मचारी, म्हणून पैलवानही लंगोटाचा पक्का हवा, ही वस्तादांची शिकवण. सतरा-अठराच्या वयात अशी शिस्त अंगी बाणणं सोपं नाही. या श्रद्धेनं अनेक पोरांना वाया जाण्यापासून वाचवलंय, हे मान्यच करायला हवं.

[दृश्य : खासबाग मैदान.]

1912 साली शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे मैदान. महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कोल्हापुरातच घडले. आणि इथल्या कित्येक तालमींत गणपती बसतो, तसे मोहरमचे पंजेही बसतात. पोरं दोन्हींसाठी तितक्याच उत्साहानं राबतात. धर्म इथे आडवा येत नाही.

मग मुलींच्याच वेळी तो का आडवा आला?

ब्रह्मचारी देवाच्या दारात बाईनं यायचं नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. पैलवानाची बहीणसुद्धा डबा दाराशीच देऊन परत फिरायची. पन्नासच्या दशकात हमीदा बानू पुरुष पैलवानांना आव्हान देत फिरत होत्या. पुण्यात पैलवान रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली त्यांची लढत स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली.

[दृश्य : मॅटवर सराव करणाऱ्या मुली.]

दार किलकिलं झालं ते मॅटमुळे, म्हणजे मातीऐवजी अंथरलेल्या कुस्तीच्या गादीमुळे. मॅटला कुणी देव मानत नाही. तिच्यासाठी नवे हॉल उभे राहिले आणि त्या हॉलना जुने नियम चिकटलेले नव्हते. 2004 साली अथेन्समध्ये महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा मुलींच्या बापांनाही बळ मिळालं. यातले बरेचसे बाप स्वतः पैलवान. मुलगी आखाड्यात उतरली तर देव कोपेल, ही भीती आधी त्यांना स्वतःच्या मनातून काढावी लागली. कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचल्या. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी.

सराव संपला की या मुलीही मारुतीला नमस्कार करतात. त्यांची श्रद्धा पोरांपेक्षा तसूभरही कमी नाही. ज्याला बलोपासनेचा देव म्हणायचं, त्याच्याकडे बळ मागायचा हक्क मुलीला नाही, हे आम्हाला पटत नाही.

काही वस्तादांनी आता मुलींसाठी वेगळी वेळ ठेवलीय. पण जुन्या तालमींत कपडे बदलायला आडोसा नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. म्हणून दोन गल्ल्यांवर तालीम असूनही एखादी मुलगी सरावासाठी पहाटेची पहिली एसटी पकडते.